उलटं वाचायला शिकवणाऱ्या भाऊसाहेबांना

स. न. वि. वि.

भाऊसाहेब, हे पत्र तुम्हाला कुणीतरी मोबाईलवर वाचून दाखवेल आणि तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत चष्मा पुसायला घ्याल, हे मला इथून दिसतंय. तुमचं नाव आणि गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. माण-खटावकडचं एक गाव, एवढं पुरे. सरकारने तुमच्या पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलंय, पण आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात ते म्हणतातच.

मी पोचले. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नेट म्हणून उपनगर आहे, तिथे. दारात उतरल्यावर नवऱ्याने किल्ली माझ्या हातात दिली आणि कुलूप मलाच उघडायला लावलं. लग्नानंतर तीन आठवडे सोबत, मग वीस महिने व्हिडिओ कॉलवर संसार. त्याची सकाळची सहाची पाळी म्हणजे आपल्याकडे रात्रीचा साडेबारा-दीड, कारण इथे उन्हाळ्यात घड्याळही तासभर पुढे सरकवतात. तो डबा भरून निघायचा तेव्हा मी झोपायला जायचे. असो. ते सगळं संपलं, आणि संपण्यात तुमचा हात किती आहे हे तुम्हाला नीट माहीत नसावं. म्हणून लिहितेय.

ऑस्ट्रेलियाचा पार्टनर व्हिसा, बाहेरून अर्ज करणाऱ्यांसाठी क्रमांक ३०९. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्ज गेला तेव्हा सरकारी फी होती ९,०९५ डॉलर, म्हणजे आपले पाच लाखांच्या घरात. नकार आला तरी ही फी परत मिळत नाही. नवरा डिझेल मेकॅनिक. त्याने जादा पाळ्या करून ती भरली. एवढी रक्कम गुंतलेली, म्हणून आम्ही शहाणपणा केला आणि पुण्यातला एक एजंट गाठला.

त्याच्या शहाणपणाबद्दल थोडं बोलू द्या, नाहीतर मला झोप यायची नाही. वातानुकूलित ऑफिस, भिंतीवर कांगारू. ऑस्ट्रेलियात पैसे घेऊन व्हिसाचा सल्ला द्यायचा तर सरकारदरबारी नोंदणी लागते, इकडे पाटी लावली की झालं, हे मला फार उशिरा कळलं. तिथलं व्हिसाचं खातं चार गोष्टी तपासतं: दोघांचा पैशाचा व्यवहार, एकत्र घर, चारचौघांत तुम्हाला नवराबायको म्हणून कोण ओळखतं, आणि पुढे एकत्र राहायचा इरादा. एजंटने या चारही गोष्टींवर एकच औषध दिलं. लग्नाचे सहाशे फोटो! फॉर्म ८८८ म्हणजे ओळखीच्या माणसांनी द्यायचा जबाब. नवऱ्याच्या दोन मित्रांचे जबाब एजंटनेच टाईप करून दिले होते, शब्दाला शब्द सारखे. मी मराठीची शिक्षिका, असे पेपर मी वर्गात दुसऱ्या बाकावरून ओळखते. पण ते जबाब मला अर्ज गेल्यावर दिसले. वैद्यकीय तपासणी आणि पोलिसांचा दाखला साधारण वर्षभर चालतो. त्याने दोन्ही अर्जाच्या तीन महिने आधीच उरकून घेतले, आणि पुढे दोन्ही पुन्हा करावे लागले.

मग वाट बघणं. त्या खात्याच्या साईटवर ५० टक्के अर्ज किती महिन्यांत निघाले, ९० टक्के किती महिन्यांत, असे आकडे असतात. मी ते रोज बघायचे, जसं काही माझ्या बघण्याने ते कमी होणार होते.

मार्च २०२५ मध्ये दहावीच्या सुपरव्हिजनवरून घरी आले तेव्हा एजंटचा फोन. पत्र आलंय, अर्जात लग्नाची तारीख ११ आहे आणि लग्नाच्या दाखल्यावर १९, खुलासा करा. उत्तराला २८ दिवस होते. पत्र त्याच्या ईमेलवर पडून राहिलेलं, त्यातले १६ गेलेले. "मॅडम, एवढं काही नसतं, एक अफिडेव्हिट करून टाकू," म्हणाला.

चूक आमची होती, हे आधी कबूल करते. नोंदणीचा अर्ज मामाने बॉलपेनने भरला होता, आणि मामाचा १ असा वळतो की त्याचा ९ होतो. ११ चे १९ झाले. दाखला हातात आला तेव्हा घरात सात जण होते, सातही जणांनी तो पाहिला, आणि आईने देवापुढे ठेवला. वाचला कुणीच नाही.

पुढचे तीन दिवस मी टेबलं फिरले. एका ठिकाणी "हे आमच्याकडे येत नाही", दुसऱ्या ठिकाणी "बघू काहीतरी", आणि त्या "काहीतरी"चा अर्थ शेजारच्या शिपायाने बाहेर येऊन समजावून सांगितला. एक साहेब तर म्हणाले, कशाला दुरुस्तीच्या भानगडीत पडता, नवीन नोंदणी करून नवा दाखला घ्या. मी तयारही झाले होते, भाऊसाहेब. खरंच.

तुमच्याकडे तीन गावं होती आणि आमच्या गावाचा वार शुक्रवार. दारात चपला काढतानाच मी रडवेली झाले होते. नवीन दाखल्याचं बोलल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "ताई, एका लग्नाचे दोन दाखले? उद्या तिकडच्या साहेबाने विचारलं, खरं कुठलं, तर काय सांगाल?" मग सुतळी सोडून जुना अर्ज काढलात. तुम्ही नियम वाकवला नाहीत. लग्नपत्रिका मागितलीत, भटजींची सही पडताळलीत, तिन्ही साक्षीदार समोर हजर करायला लावलेत. मामा मळ्यातून तसाच आला, पायांना चिखल, आणि स्वतःचा १ बघून इतका ओशाळला की त्या दिवशी जेवला नाही.

तारीख दुरुस्त झाली. माझ्यापुरतं काम संपलं होतं, मी पिशवी आवरायलाही घेतली. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "बसा. आलाच आहात तर सगळाच वाचू."

तुम्ही टेबलावरची प्लॅस्टिकची फूटपट्टी उचललीत. तिचं एक टोक तुटलेलं होतं, कुण्या पोराने तिच्यावर बदाम कोरलेला होता. ती स्क्रीनवर ओळीखाली धरलीत आणि मला दोघांचे पासपोर्ट हातात घ्यायला लावलेत. मी भराभर वाचायला लागले तर थांबवलंत. "असं नाही. उलटं वाचा. शेवटच्या अक्षरापासून. सुलटं वाचलं की डोळा पुढं पळतो, जे असायला पाहिजे तेच वाचतो."

नवऱ्याचं नाव इंग्रजीत मी शेवटाकडून वाचायला लागले. के. ए. पी. ई. तुमचं बोट थांबलं. पासपोर्टवर पी नंतर दोनदा ई, आणि दाखल्यावर एकच आय. एवढासाच फरक. तो खात्याच्या पत्रात नव्हता, एजंटला दिसला नव्हता, आणि गंमत म्हणजे खुद्द नावाच्या मालकालाही दिसला नव्हता. तो तसाच गेला असता तर तारीख सुधारलेल्या दाखल्यावर पुन्हा एक पत्र आलं असतं, पुन्हा २८ दिवस, आणि त्यानंतर किती महिने कोण जाणे.

मी विचारलं, हे कुठे शिकलात? तुम्ही कीबोर्डवरून मान वर न करता म्हणालात, "वडील छापखान्यात कंपोझिटर होते. छपाईच्या अक्षरांचे खिळे उलटेच असतात ना." बस्स. तुमच्याकडून तुमच्याबद्दल मला मिळालेली माहिती ती एवढीच. पुढच्या शुक्रवारी दाखला मिळाला. मी चहा मागवला तर म्हणालात, नको, बाहेर चौघे थांबलेत.

त्या रात्री मी सगळी फाईल उलटी वाचली. आधार, पॅन, बँक पासबुक, पदवी. आणखी दोन चुका सापडल्या, दोन्ही माझ्या माहेरच्या नावातल्या. मित्रांना सांगितलं की स्वतःच्या भाषेत, स्वतःला आठवतं तेवढंच लिहा. एकाने लिहिलं की हा मनुष्य रोज जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून बायकोशी भांडतो. मला ते खोडावंसं वाटलं, पण राहू दिलं. सहाशे फोटोंऐवजी वीस पाठवले, प्रत्येकाखाली कोण, कुठे, कधी ते लिहून. सासरच्या रेशनकार्डात माझं नाव चढवलेलं होतं, त्याचं भाषांतर जोडलं. उत्तर मुदत संपायच्या आत गेलं. ऑक्टोबरमध्ये व्हिसा आला.

तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर मागितलेली दुरुस्ती करून मोकळं झालं असतं, आणि मी त्यांचेही आभारच मानले असते. तुम्ही दहा मिनिटं जास्त बसलात. ती दहा मिनिटं कुठल्या नोंदीत नाहीत, त्यांचा भत्ता नाही, त्यांच्यासाठी कुणी सत्कार करत नाही. आपल्याकडे चांगला माणूस म्हणजे मदतीला धावणारा, असं आपण धरून चालतो. तुम्ही तर खुर्चीवरून हललाही नाहीत. तरी मला आता कुणी भला माणूस म्हटलं की तुटक्या टोकाची फूटपट्टीच डोळ्यांपुढे येते.

अजून एक टप्पा बाकी आहे. अर्जाला दोन वर्षं झाली की, म्हणजे ऑगस्ट २०२६ मध्ये, कायमच्या व्हिसासाठी, म्हणजे क्रमांक १०० साठी, पुन्हा कागद द्यायचे आहेत. या वेळी एजंट नाही. नवरा मोठ्याने उलटं वाचतो आणि मी फूटपट्टी धरते. इथे ती मला दोन डॉलरला मिळाली.

आई या शुक्रवारी साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन येईल. नाही म्हणू नका. काम होऊन नऊ महिने झाले, तेव्हा याला लाच म्हणता येणार नाही. आणि बाहेर थांबलेल्या चौघांनाही पुरतील एवढे आणायला सांगितलेत.

तुमच्या गावची लेक
(पत्र शेवटाकडून एकदा वाचलं आहे)