गाव शहरात गेलं, ग्रामसभा कुठे गेली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३० जून २०२१ रोजी २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यातलं एक आमचं. रस्ते, पाणी, ड्रेनेज याबद्दल तेव्हापासून भरपूर छापून आलं आहे, त्यात मी भर घालत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे.

ग्रामपंचायत होती तेव्हा २६ जानेवारीचं झेंडावंदन झालं की मारुतीच्या देवळापुढे सतरंज्या पडायच्या आणि ग्रामसभा सुरू व्हायची. ग्रामसेवक मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचे. निम्मी मंडळी चहाकडे डोळे लावून बसलेली असायची, हे कबूल. पण एकदा एक आजी उठून म्हणाल्या, "दिवाबत्तीवर किती गेले, आकडा सांगा." सरपंचांना वही उघडावीच लागली.

आता वही कोणाची आणि विचारायचं कुठे? २०१७च्या निवडणुकीत पुण्यात ४१ प्रभाग होते, नगरसेवक १६२. २०११च्या जनगणनेच्या हिशेबानेही एका प्रभागात सरासरी पाऊण लाख माणसं. एवढ्यांची सभा भरवायला मैदानच हवं! मार्च २०२२मध्ये मुदत संपल्यावर तर कित्येक वर्षं नगरसेवकही नव्हते, प्रशासक होते.

मुलीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा क्वीन्स पार्क या भागाबद्दल ऐकलं. वेस्टमिन्स्टरसारख्या बड्या कौन्सिलच्या हद्दीत राहूनही या लोकांनी स्वतःची पॅरिश कौन्सिल मिळवली. नाव चर्चचं वाटतं, पण १८९४च्या कायद्यापासून ही तिकडची साधी ग्रामपंचायतच. लंडनमध्ये मात्र अशी कौन्सिल काढायला कित्येक दशकं मनाई होती, ती २००७च्या कायद्याने उठली. क्वीन्स पार्कवाल्यांनी २०१२मध्ये मतदानाने कौल दिला आणि २०१४मध्ये कौन्सिल सुरू झाली. सदस्य १२. त्यासाठी रहिवासी कौन्सिल टॅक्ससोबत थोडी जादा रक्कम भरतात.

जादा कर म्हटला की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडणार. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं महापालिकेतून बाहेर पडून स्वतंत्र नगरपरिषद झाली, त्यामागे मिळकतकराचाच राग मोठा होता. शिवाय आणखी एक निवडणूक म्हणजे आणखी फ्लेक्स. म्हणून क्वीन्स पार्कची हुबेहूब नक्कल मी मागत नाही.

आपल्याकडे तरतूद आहेच. ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या, आणि २००९मध्ये राज्याने क्षेत्रसभाही कायद्यात आणली. मतदान केंद्रांच्या परिसरातले मतदार एकत्र बसतील, अशी ती कल्पना. तुमच्या वाचकांपैकी किती जण अशा सभेला गेले आहेत, एकदा विचारून बघा.

माझी मागणी एवढीच, की जुन्या गावाच्या हद्दीपुरती एक क्षेत्रसभा, तिच्या तारखा ठरलेल्या आणि त्या भागातल्या खर्चाचा कागद समोर. जागेचा खर्च नको. देऊळ आहे, सतरंज्याही अजून मागच्या खोलीत गुंडाळून ठेवलेल्या आहेत.

आपला,
समाविष्ट गावातील एक वाचक, पुणे