ग्रिलची किल्ली आणि रात्रीचं कुलूप

प्रिय आई, बाबा,

आग लागली तर काय करायचं, हा विषय फोनवर काढला की बाबा "बरं बरं" करून फोन आईकडे देतात, म्हणून लिहूनच पाठवतेय.

बाबा, रात्री सेफ्टी डोअरला आतून कुलूप लावून किल्ली उशीखाली ठेवता ते बंद करा प्लीज. लाईट गेलेत, घरभर धूर, चष्मा सापडत नाहीये आणि त्यात ते कुलूप उघडायचं, जमणारे का? कडी पुरे. कुलूप हवंच असेल तर किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लावा, फक्त बाहेरून हात पोचेल अशी नको.

गॅस आई रोज रेग्युलेटरवरून बंद करते, त्यामुळे मला किचनची तेवढी काळजी नाही, मला भीती खालच्या मीटरबॉक्सची वाटते. जिन्याखाली मीटर, त्याला चिकटून स्कूटर आणि कुणाची तरी जुनी गादी. 2023 मध्ये गोरेगावच्या जय भवानी बिल्डिंगमध्ये आग खाली पार्किंगलाच लागली होती, धूर वर चढला आणि माणसं गुदमरली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोला, वाईटपणा आला तर येऊ दे.

तर बाहेर गडबड ऐकू आली की आधी हाताची मागची बाजू दाराला लावून बघा. गरम लागलं किंवा जिन्यात धूर दिसला तर उतरायचंच नाही. दार लावून घ्या, खालच्या फटीत ओल्या चादरी कोंबा, बाल्कनीत जा, बाल्कनीचं दार मागे ओढून घ्या आणि 101 ला फोन करून विंग आणि मजला आधी सांगा. घरात धूर आलाच तर खाली हवा जरा बरी असते, बाबांना रांगता येणार नाही, मग बसून सरका. जिना मोकळा असेल तर मात्र लगेच निघायचं, आणि आई, दागिन्यांच्या डब्यासाठी मागे फिरायचं नाही, त्यावर वाद नको.

बाल्कनीत गेलात तरी शिडीवरून माणूस येणार कुठून, ग्रिलच्या खिडकीचं कुलूप गंजलंय आणि पुढे तुझ्या कुंड्या! तुळस राहू दे, बाकीच्या सरकव. शनिवारी फॅब्रिकेशनवाला येतोय, कुलूप कापून साधी कडी बसवेल. पैसे मी दिलेत, बाबा घासाघीस करू नका.

तुमची,
छकुली