आई-बाबांना, इंडोनेशियातल्या गुनुंगकिदुलहून

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आईने डोळे पुसत फोन बाबांकडे दिला असता आणि बाबांनी "बरं, बघू" म्हणून ठेवून दिला असता. म्हणून लिहितेय. दादा प्रिंट काढून आणून देईल. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं गाळू नका.

तर, मी आणखी दोन वर्षं इथेच राहतेय. सही करून झाली. आधी विचारलं असतं तर तुम्ही "जा" म्हणाला असतात आणि मग रात्र-रात्र जागत बसला असतात. दिवाळीला येणं जमणार नाही. इथला पहिला पाऊस नेमका त्याच सुमाराला पडतो आणि तो पडेल तेव्हा मला गावातच असायला हवं. मे महिन्यात, आंबे असताना येते. नक्की.

शहर सोडून खेड्यात कशाला गेलीस, हा आईचा प्रश्न. भाडं निम्म्याहून कमी आहे. रोजचं जाणं-येणं वाचतं. विद्यापीठाची गाडी आठवड्याला येते, इंटरनेट बरं चालतं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण बाबा, तुम्हाला एवढ्याने पटायचं नाही, म्हणून नीट सांगते.

या जिल्ह्यात आटपाडीच्या तिप्पट-चौपट पाऊस पडतो. तरी ऑगस्ट लागला की टँकर. सगळा मुलूख चुनखडीचा, जिकडे बघावं तिकडे बुटक्या गोल टेकड्या. त्यांना इथे 'हजार डोंगर' म्हणतात. पडलेलं पाणी फटींतून सरळ खाली जातं आणि पाताळातल्या नद्यांना मिळतं. ब्रिबिनच्या गुहेत जमिनीखाली शंभरेक मीटरवर अशी एक नदी आहे. जर्मन इंजिनिअरांनी तिच्यावर तिथेच, जमिनीच्या पोटात, धरण बांधलं आणि त्याच पाण्याच्या जोरावर ते वर चढवलं. आमच्या वाडीला मात्र छपराचं पाणी आणि खोलगटातली तळी, एवढाच आधार. कौलांना पन्हळ, पन्हळीखाली सिमेंटची टाकी. ती ऑगस्टपर्यंत पुरली तर नशीब. टाकी आटली की लोक बकरी विकून टँकर घेतात. तळ्यांचं दुखणं वेगळं. मागे सरकारी योजनेत बरीच तळी खोल करायला घेतली आणि तळाचा चिकण गाळ उपसला. पाणी अडवून धरणारा थर तोच होता. आता भरलेलं तळं पावसाळा सरल्यावर काही आठवड्यांत कोरडं पडतं. तो थर पुन्हा कसा बसवायचा, हे माझं काम.

आपल्या विहिरीवरून जे झालं ते मी उकरून काढत नाही. त्यानंतर नानांनी त्या बांधावर पाऊल ठेवलं नाही, एवढं मला आठवतं. आणि 2003 चा उन्हाळा आठवतो. टँकरच्या रांगेत मी घागर धरून उभी, आणि ऑफिसातून परस्पर तिकडेच आलेले बाबा ओला रुमाल माझ्या डोक्यावर टाकून म्हणायचे, "जा, तू अभ्यास कर." आई, तू तेल लावताना म्हणायचीस, "हिला पाण्याच्या गावी देईन." आता हसू नकोस.

आता खाण्यापिण्याचं. तांदूळ आहे, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आहे, कोवळ्या फणसाची भाजी आहे. इथे शेंगदाणा उदंड पिकतो, त्यामुळे तुझी चटणी दर आठवड्याला होते; लसूणही चांगला मिळतो. तूर नाही, मुगावर भागवते. इथले लोक त्यांच्या चटणीत सुकटीचा गोळा घालतात, तो नको म्हटलं की काढतात, फक्त चेहरा दुःखी करतात. नाकतोडे तळून खातात, ते मी खाल्लेले नाहीत, शप्पथ. कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, सोलून, वाळवून, कुटून, वाफवून तिवूल नावाचा प्रकार करतात. दिसायला आपल्या मोकळ भाजणीसारखा. साठच्या दशकातल्या दुष्काळात ही माणसं त्याच्यावरच जगली. आता शहरातले लोक गाडी करून तो खायला येतात आणि आमच्या म्बाह, म्हणजे घरमालकीण आजी, त्यांना हसतात.

या म्बाहंमुळे तरी तुम्ही निश्चिंत असावं. सत्तरी ओलांडली, पाठ वाकली, तरी उन्हाळ्यात कोसभरावरून गाईचा चारा पाठीवर आणतात. गाय म्हणजे त्यांची बँक, नातीच्या कॉलेजच्या फीला गेल्या वर्षी एक विकली. मुलगा जकार्तात मीटबॉलची गाडी लावतो, ईदला येतो. त्या पाच वेळा नमाज पढतात, आणि कापणीच्या आधी शेताच्या कोपऱ्यात देवी श्रीसाठी, म्हणजे इथल्या भाताच्या देवीसाठी, भात, अंडं, केळी ठेवून येतात. आई, हे ऐकून तुला बरं वाटेल असं मला आपलं वाटलं. बाबा, तुमच्या मनात जे येतंय ते कळलं. मला इथे कोणी काही विचारलेलं नाही, माझा गणपती फडताळावर आहे आणि म्बाह त्याच्यापुढची धूळ पुसतात.

रात्रीची भीती नाही. प्रत्येक दाराशी एक छोटी वाटी टांगलेली असते. झोपण्याआधी तिच्यात चिमूटभर तांदूळ किंवा पाचशे रुपियांचं नाणं टाकायचं (आपले तीनेक रुपये). गस्तीची माणसं लाकडी ठोका वाजवत येतात आणि ते गोळा करतात. कुणाचं आजारपण, कुणाची मयत, रस्त्याचा दिवा, सगळं त्यातून निघतं. माझ्या वाटीत एकदा काही नव्हतं, तर बरं नाही का हे बघायला दार वाजवलं. पुण्यात माझ्या मजल्यावर कोण राहतं हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं.

भूकंपाचं म्हणाल तर 2006 साली मे महिन्यात इकडे मोठा झाला होता, पाच हजारांहून जास्त माणसं गेली, हे लपवत नाही. पण पडली ती मुख्यतः विटांची घरं. माझं सागवानी खांबांचं आहे. आणि बातम्यांत दिसतो तो मेरापी ज्वालामुखी पार योग्यकर्ता शहराच्या पलीकडे, उत्तरेला. त्याचा धूर टीव्हीवर दिसला की लगेच फोन करू नका.

आता ऐका. बाबा, मोतीबिंदूची तारीख दिवाळीनंतर ढकलायची नाही. दादाला सुट्टी घ्यायला सांगितलीय. संध्याकाळनंतर स्कूटर बंद. शुगर दर महिन्याला, आणि चिठ्ठीचा फोटो मला. "नॉर्मल आहे" एवढं चालणार नाही. आई, माळ्यावरच्या फराळाच्या डब्यांसाठी स्टुलावर चढायचं नाही, शेजारच्या पोराला हाक मार. यंदा चकल्या विकत आणा. कळतंय मला, पण आणा. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही.

आणि दोघांचे पासपोर्ट काढा. रांग लावू नका, दादा ऑनलाइन करेल. मार्चमध्ये या: टाक्या भरलेल्या असतात, टेकड्या हिरव्या असतात, शेंगा निघायला लागतात. मुंबई ते जकार्ता, तिथून योग्यकर्ता. व्हिसा विमानतळावरच मिळतो. मी घ्यायला येईन. इथे बाजार वाराने भरत नाही, पाच दिवसांच्या फेऱ्याने भरतो, त्यामुळे कधी येताय ते आधी कळवा म्हणजे बाजार गाठता येईल. इथलं घड्याळ दीड तास पुढे आहे, तेव्हा बाबा, रात्रीच्या बातम्या संपल्यावर फोन केलात तर मी झोपलेली असते. तरी करा.

येताना गोडा मसाला, हिंग आणि लोखंडी तवा. तवा आईचा जुनाच हवा, नवा नको.

तुमची,
बेबी

ता. क. दादाला आधी सांगितलं म्हणून त्याच्यावर चिडू नका. त्याला मीच गप्प बसवलं होतं.