सूचना : पोशाख आणि चिलखत तपासणीबाबत
सर्व सदस्यांनी लक्ष द्यावे. मध्ययुगीन लढाईच्या आपल्या प्रयोगांत आपण दाखवतो तो काळ 1360च्या आसपासचा, हे पुन्हा सांगावं लागतंय. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर विस्बी शहराजवळ 1361च्या लढाईनंतरच्या सामूहिक कबरींत सापडलेली चिलखतं आपला आधार : कापडाच्या आतून रिव्हेटने (टोक ठोकून चपटं केलेल्या खिळ्याने) ठोकलेल्या लोखंडी पट्ट्या. नखशिखान्त पोलादी चिलखत पुढच्या शतकातलं. कितीही झकास दिसलं तरी मैदानात चालणार नाही. साखळी चिलखताच्या कड्याही रिव्हेट केलेल्याच हव्यात, नुसती टोकं जुळवलेल्या नकोत. दिसणारी शिवण हाताची. आतली मशीनवर मारलीत तर डोळेझाक करू. कपड्यांची चेन (झिप), वेल्क्रो, मनगटी घड्याळ बाद. विक्रेता सगळ्यालाच ‘मध्ययुगीन’ म्हणतो, तेव्हा पैसे मोजण्याआधी फोटो तपासणी गटाला दाखवा.