सुन्यास, त्या दोन कडव्यांबद्दल

प्रिय सुन्या,

सात महिने झाले तुला पत्र नाही. कामाचं कारण देत नाही, खरं कारण खाली येतंच आहे. आईचा गुडघा बरा आहे, माझं बीपी गोळीवर आहे, ते सोड.

मनूने कॉलेजच्या गॅदरिंगला आपलं गाणं म्हटलं. आपलं म्हणजे तेच, गच्चीवर रात्री दीड वाजता झालेलं, ज्याच्या दुसऱ्या अंतऱ्यासाठी तू माझ्या मेसच्या बिलाची मागची बाजू खराब केली होतीस आणि मेसवाल्या काकूंनी महिनाभर आपल्याला त्यावरून ऐकवलं होतं. टाळ्या पडल्या, निवेदन करणाऱ्या पोराने विचारलं कुणाचं गाणं, तर ती माईकवर म्हणाली "माझ्या बाबांचं". लोक वळून बघायला लागले आणि मी हसून हात जोडले. बस, एवढंच झालं. पण सुन्या, मी तेव्हाही हेच केलं होतं रे. कप घ्यायला एकटाच स्टेजवर गेलो, तू खाली तबल्याला खोळ घालत उभा होतास, आणि नंतर एसटी स्टँडवर मी विषय काढला तर "राहू दे" म्हणालास आणि पुढचे चार महिने माझ्याशी नीट बोलला नाहीस. मला तेव्हा वाटलं तू उगाच ताणतोयस. चाल माझी म्हणजे गाणं माझं, असं मला खरंच वाटायचं.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून मोबाइलवर रे चार्ल्स या अमेरिकन गायकाचं "जॉर्जिया ऑन माय माइंड" हे गाणं लावलं, तुझ्या त्या घासलेल्या कॅसेटमधलं. इतकी वर्षं आपण ते त्याचंच समजत आलो ना? त्याने ते गायलं 1960 ला. गाणं 1930 चं आहे, चाल होगी कारमायकेलची. आणि शब्द त्याच्या कॉलेजातल्या मित्राचे, स्टुअर्ट गोरेल नाव. हा गोरेल पुढे बँकेत नोकरीला लागला. बँकेत, तुझ्यासारखाच, सुन्या! मी उठून लाइटच लावला.

मग महिनाभर रोज रात्री या होगीच्याच मागे आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं ब्लूमिंग्टन गाव, जन्म 1899 चा. आई मूकपटांना थिएटरात पियानो वाजवायची, तिच्या शेजारी बसून हा शिकला. पुढे इंडियानापोलिसला रेजिनाल्ड ड्यूव्हाल म्हणून एक कृष्णवर्णीय पियानोवादक होता, त्याच्याकडून जॅझ घेतला. जे मनाला बरोबर वाटत नाही ते वाजवू नकोस, पैसे नाही मिळाले तरी स्वतःवर चिडायची वेळ येणार नाही, असं त्याने या पोराला सांगितलं होतं. शिकला मात्र कायदा. 1926 ला डिग्री, मग फ्लोरिडात वकिलाच्या ऑफिसात नोकरी, आणि तिथे एक दिवस स्वतःच्याच चालीची दुसऱ्या कुणी वाजवलेली रेकॉर्ड कानावर पडली. वकिली सुटली. मी हे वाचून केसचे कागद बाजूला ठेवले आणि बराच वेळ नुसता बसलो. हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, इथे दुसऱ्या कुणाला सांगू?

आणि त्याच्या चाली अशा उड्या का मारतात ते आता कळलं. बिक्स बायडरबेक हा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणारा त्याचा जिवलग होता, त्याचं वाजवणं याच्या कानात भिनलेलं. त्याचं स्टारडस्ट हे गाणं ऐक, गळ्यासाठी बांधलेली चाल वाटतच नाही, कुणीतरी फुंकून वाजवतंय असं वाटतं. 1927 ला इंडियानातल्याच रिचमंडमधल्या जेनेट या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत पहिल्यांदा रेकॉर्ड झालं, जलद लयीत आणि शब्दांशिवाय. 1929 ला मिचेल पॅरिशने शब्द लिहिले, पुढच्या वर्षी आयशम जोन्सच्या बँडने ते संथ वाजवलं आणि मग जगभर झालं. पण स्टारडस्ट हे नाव कुणी सुचवलं माहितीये? गोरेलनेच. (मला आपल्या गाण्याचं नाव सुचेना म्हणून तू वहीवर "अजून बारसं नाही" असं लिहिलं होतंस, ती वही अजून आहे.) बिक्स 1931 ला गेला, 28 वर्षांचा. होगीने पुढे मुलाचं नाव होगी बिक्स ठेवलं.

आता मुद्द्याचं. जॉर्जियाच्या कॉपीराइटवर गोरेलचं नाव नव्हतं. तरी होगी त्याला त्याच्या वाट्याचे पैसे पाठवत राहिला. आधी मला वाटलं, वा, काय मित्र आहे. दोन दिवसांनी वाटलं, पैसे पाठवले हे खरं, पण नाव? 1979 ला ते गाणं अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचं राज्यगीत झालं रे. अख्खं राज्य एका बँकवाल्याचे शब्द गातंय आणि कॉपीराइटच्या कागदावर तो नव्हता. मी तर तुला दोन्ही दिलं नाही, ना नाव ना पैसे, आणि पोरीलाही कधी सांगितलं नाही की ते शब्द सुनीलकाकाचे आहेत. परवा सांगितलं. ती रडली, मग माझ्यावर चिडली, बरोबरच आहे.

तुझी बदली झाली म्हणे, वहिनींची शाळा त्याच गावात मिळाली का? चिन्मयच्या बारावीचं कळव. घराचा हप्ता संपला असेल तर पार्टी बाकी आहे.

मनूला ते गाणं नीट रेकॉर्ड करून ऑनलाइन टाकायचंय. स्टुडिओवाल्याने फॉर्म दिलाय, त्यात संगीतकार आणि गीतकार असे दोन वेगळे रकाने आहेत. दुसऱ्यात तुझं नाव मी पेनाने लिहून टाकलंय, विचारायला थांबलो नाही, आणि जे काही येईल त्यातलं निम्मं तुझं. फक्त एक सांग, पूर्ण नाव लिहू की तू कवितांखाली लिहायचास ते? शनिवारी फॉर्म द्यायचाय. फोन करू नकोस, फोनवर तू "राहू दे" म्हणशील. लिहून पाठव.

तुझा,
अव्या