स्नूस म्हणजे गुटखा नाही, तपकीर आहे

संपादक साहेब, नमस्कार,

मागच्या रविवारच्या पुरवणीत स्वीडनच्या स्नूसवर लेख आला, चांगला होता पण त्यात स्नूसला सरळ ‘स्वीडिश गुटखा’ लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. गुटख्यात सुपारी असते, कात असतो, चघळून पचापचा थुंकावं लागतं. स्नूसमध्ये यातलं काहीच नाही, दळलेली तंबाखू, पाणी, मीठ, थोडा सोडा आणि वासासाठी काहीतरी, एवढंच, आणि ते वरच्या ओठाखाली दाबून ठेवतात, थुंकत नाहीत.

आणि मेन म्हणजे तो शब्दच मुळात नाकाचा आहे! स्नूस, इंग्रजी स्नफ, जर्मनमधलं श्नुप्फेन, सगळे एकाच घरातले, नाकाने ओढणं हा मूळ अर्थ. १७०० नंतरच्या शतकात स्वीडनमधले लोक कोरडी पूड नाकातच ओढायचे, पुढे ती ओली करून ओठाखाली ठेवायला लागले, १८२२ साली याकोब फ्रेडरिक युंगलोफने ‘एत्तान’ नावाचं स्नूस बाजारात आणलं, ते अजून मिळतं. वस्तू नाकातून तोंडात गेली पण नाव तेच राहिलं. नाकाच्या पुडीला ते आता ‘लुक्तस्नूस’ म्हणतात, म्हणजे वास घ्यायचं स्नूस, नाकाच्याच शब्दाला पुन्हा नाक चिकटवावं लागलं बघा.

आता आपल्या खान्देशात बघा. आमची मोठी माय सकाळी ओट्यावर बसून दातांना तपकीर लावायची, गुजरातकडे पण दातांना लावतात, ती नाकात कधी ओढताना मी पाहिलीच नाही. तपकीर तर नाकाची ना? म्हणजे स्वीडनमध्ये जे झालं तेच आमच्या ओट्यावर झालेलं. म्हणून स्नूसला ‘ओली तपकीर’ लिहा, अमळनेर चोपड्याच्या बाईला पण लगेच कळेल काय आहे ते.

अजून एक, धूर नाही म्हणून ते निरुपद्रवी असं कोणी समजू नये, निकोटीन भरपूर असतं, सुटता सुटत नाही, युरोपियन युनियनमध्ये १९९२ पासून विक्रीला बंदी आहे, स्वीडनला १९९५ मध्ये आत घेताना तेवढी सूट दिली. मोठ्या मायला शेवटपर्यंत सोडता आली नाही, डबी उशाखाली असायची. पुढच्या पुरवणीत शब्द दुरुस्त करून छापला तर बरं वाटेल.

आपला एक नेहमीचा वाचक,
अमळनेर, जि. जळगाव