कापडी डायपरची बचत आणि वहीत न धरलेला पाऊण तास

महोदय,

वापरून फेकायच्या डायपरऐवजी कापडी डायपर वापरले तर एका मुलामागे पन्नास हजार रुपये वाचतात, असे हल्ली जिकडेतिकडे वाचायला मिळते. माझी अडतीस वर्षे एका कारखान्याच्या लेखा विभागात गेली असल्यामुळे असा गोल आकडा दिसला की तो कुणी आणि कशातून काय वजा करून काढला, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आम्हाला नातू झाला. त्याचे पहिले तीन महिने फेकायच्या डायपरवर गेले आणि मार्च २०२५ पासून आम्ही कापडावर आलो. या सगळ्या काळातला खर्च माझ्या वहीत रोजच्या रोज लिहिलेला आहे. बचत होते, पण पन्नास हजार होत नाही. आणि जी होते ती कुणाच्या हातून होते याचा त्या आकड्यात पत्ताच नसतो, म्हणून हे पत्र.

पहिल्या महिन्यात दिवसाला सरासरी नऊ डायपर लागले. सर्वांत लहान मापाचा नग आम्हाला नऊ रुपयांना पडत होता, म्हणजे महिन्याचे २,४३० रुपये झाले. पुढचे दोन महिने रोज सात नग, नगाला अकरा रुपये, असे ४,६२०. तीन महिन्यांत ६९० नग आणि ७,०५० रुपये खर्ची पडले. मूल वाढते तशी संख्या घटते, पण माप वाढते आणि मापाबरोबर दरही वाढतो. वर्षाचा होईपर्यंत रोज सहा नग बारा रुपयांनी आणि पुढे अडीच वर्षांपर्यंत रोज चार नग चौदा रुपयांनी धरले, तर उरलेल्या २७ महिन्यांचा खर्च ४९,६८० रुपये येतो. पन्नास हजारांचा आकडा बहुधा इथूनच उचललेला असावा. म्हणजे फेकायच्या डायपरचा सगळा खर्च हीच बचत असे मानायचे आणि कापडी डायपर जणू आंदण मिळाले, धुवायला साबण-वीज लागलीच नाही, असे धरायचे. असा ताळेबंद मी माझ्या हाताखालच्या उमेदवाराकडूनही चालवून घेतला नसता.

आमचा प्रत्यक्ष खर्च असा झाला. बटणे लावून लहानमोठे करता येणारे बारा शिवलेले डायपर, प्रत्येकी ४५० रुपयांचे. त्यांच्यात घालायच्या, ओल शोषणाऱ्या कापडाच्या जास्तीच्या बारा घड्या १,४४० रुपयांच्या. ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून आणलेले मलमल आणि त्याचे चोवीस लंगोट शिवण्याची मजुरी मिळून ७४०. झाकणाची बादली २६०. कपडे वाळवायचा घडीचा स्टँड १,३६०. एकूण ९,२०० रुपये. वीज आणि धुण्याची पावडर यांचे महिन्याला साधारण ३०० रुपये वाढले. रात्री मात्र आम्ही अजूनही एक फेकायचा डायपर लावतो, त्याचे महिन्याला ३६० होतात. सत्तावीस महिन्यांचा हा चालू खर्च १७,८२० आणि सुरुवातीचे ९,२०० मिळून २७,०२० रुपये होतात. तेव्हा बचत २२,६६० रुपये, म्हणजे महिन्याला साडेआठशेला थोडी कमी. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून बाळांच्या डायपरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. दुकानदाराने तो पुरता उतरवला तर बारा रुपयांचा नग सव्वाअकराला पडतो आणि कापडाची बाजू तेवढी आणखी हलकी होते.

एक खर्च माझ्या वहीत येत नाही, तेही सांगितले पाहिजे. घोडबंदर रस्त्यावरील अनेक सोसायट्यांप्रमाणे आमच्याकडेही नळाचे पाणी पुरत नाही आणि टँकर मागवावे लागतात. लंगोटांमुळे रोज पाच-सहा बादल्या पाणी जास्त जाते. ते आमच्या एकट्याच्या बिलात दिसत नसले, तरी सगळ्यांच्या देखभाल खर्चात कुठेतरी आहेच.

आता वेळेकडे येतो. शी झालेला लंगोट संडासातल्या फवाऱ्याखाली धरून साफ करणे, झाकणाच्या बादलीत कोरडाच ठेवणे, संध्याकाळी सगळे मशीनला लावणे, वाळत घालणे, काढणे, घड्या करून आत भरून ठेवणे, या सगळ्याला रोज पाऊण तास लागतो. सत्तावीस महिन्यांचे हे सहाशेहून जास्त तास होतात. वाचलेल्या २२,६६० रुपयांना या तासांनी भागले तर तासाला सदतीस रुपये पडतात. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंना हे काम कराल का, असे विचारले तेव्हा त्यांनी महिन्याला हजार रुपये जास्त लागतील असे स्पष्ट सांगितले, आणि कामाचे स्वरूप पाहता ते मुळीच जास्त नव्हते. पण साडेआठशे वाचवण्यासाठी हजार देणे हा उघड तोटा आहे. याचा अर्थ सरळ आहे. हे काम घरातले कुणीतरी पैसे न घेता करत असेल तरच कापडी डायपरची बचत उभी राहते.

हा आकडा काढल्यावर मी माझी १९९२ सालची वही शोधून काढली, कारण त्या वर्षी आमचा मुलगा झाला होता. तेव्हा आम्ही नौपाड्यातल्या चाळीत राहत होतो. वहीत डिंकाच्या लाडवांचा खर्च आहे, बाळंतिणीच्या शेकशेगडीच्या कोळशाचा आहे, झबल्या-टोपड्यांचा आहे. लंगोटांचा एक पैसाही नाही. जुन्या सुती साड्या फाडून लंगोट केले होते आणि ते आईने व पत्नीने सार्वजनिक मोरीवर धुतले होते. पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी घालून आई त्यावर लंगोट वाळवायची, त्या धुरकट वासाने खोली भरलेली असायची आणि मी त्याच खोलीत बसून वही लिहीत असे. शून्य रुपये ही नोंद हिशेबाला बरोबर होती. पण वर्षभरात एकही लंगोट मी धुतला नव्हता, हे मला यंदा बादलीपुढे बसल्यावर आठवले.

म्हणून कापडी डायपरचा विषय सुनेने काढला तेव्हा धुण्याचे काम मी घेतो, या अटीवर आम्ही तो पुढे नेला. सिझेरियनच्या टाक्यांसकट तीन महिने तिला फेकायच्या डायपरने जी उसंत दिली, तिची किंमत ७,०५० रुपयांपेक्षा नक्कीच जास्त होती आणि ते पैसे वाया गेले असे मला वाटत नाही. आमच्या पिढीतले काही जण 'आम्ही नाही का मुले वाढवली' असे तरुण आयांना ऐकवतात. त्यांपैकी पुरुषांनी तरी आधी आपापल्या वह्या उघडून पाहाव्यात.

निवृत्त माणसालाही हे काम शिकावे लागते. सुरुवातीला मी कपड्यांना घालतो तोच सुगंधी कंडिशनर लंगोटांना घालत होतो. पंधरा दिवसांत डायपर सारखे गळू लागले. बाळाचे दुपटे, त्याखालची गोधडी, सुनेची साडी सगळे ओले, आणि डायपर मात्र आतून जवळजवळ कोरडा. शेवटी एक घडी ओट्यावर पसरून मी तिच्यावर चमचाभर पाणी सोडले, तर ते अळूच्या पानावर राहावे तसे थेंब होऊन वर राहिले. कंडिशनरचा पातळ थर धाग्यांवर बसला की कापड पाणी ओढत नाही, एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. मग पावडर न घालता गरम पाण्यात, फेस यायचा थांबेपर्यंत सगळ्या घड्या चार वेळा धुतल्या, तेव्हा त्या पुन्हा कामाला लागल्या. नव्या घड्याही आणल्या आणल्या पुरेसे शोषत नाहीत, चारपाच धुण्यांनंतर त्यांचा कस लागतो. हे माहीत नसलेले किती तरी जण पहिल्याच आठवड्यात वैतागून डायपर कपाटात टाकून देत असतील आणि त्यांचे आठ-नऊ हजार तिथेच बुडत असतील.

खरेदीतही आमची चूक झाली. जाड, शिवलेल्या घड्या दिसायला सुबक असतात, पण जुलैत ठाण्याच्या पावसात त्या दोन दिवस वाळत नाहीत आणि वाळल्यावरही कुबट वास राहतो. एकपदरी मलमलचा लंगोट पंख्याखाली तासाभरात सुकतो, हवा तसा दुमडून जाड करता येतो आणि डाग पडला तर उन्हात टाकताच फिकट होतो. पावसाळ्याचे चार महिने आमचे घर त्या ७४० रुपयांच्या मलमलवरच चालले. आज पुन्हा खरेदी करायची झाली तर शिवलेले डायपर बारांऐवजी चारच घेईन, तेही दवाखान्यात किंवा पाहुण्यांकडे जाण्यापुरते.

कापडाचा आणखी एक फायदा आमच्या सौभाग्यवतींनी मिळवून दिला. फेकायच्या डायपरमधले रसायन, सोडियम पॉलिअॅक्रिलेट, ओल इतकी शोषून घेते की बाळाला आपण ओले झालो हे कळतच नाही. लंगोटात ते लगेच कळते आणि बाळ कुरकुरते. आठव्या महिन्यापासून सौभाग्यवती नातवाला झोपून उठल्यावर आणि दूध पाजल्यानंतर पायांवर बसवून 'शूऽऽ' करू लागल्या. दिवसाचे दहा लंगोट सहावर आले आहेत. अर्थात ओला लंगोट लगेच बदलावा लागतो. तसाच राहिला तर पुरळ कापडानेही उठतेच, हे आमच्याकडे एकदा झालेले आहे.

कचऱ्याचे म्हणाल तर तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेले डायपर 'स्वच्छताविषयक कचरा' या वर्गात घातले होते आणि ते नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावेत असे म्हटले होते. डायपरबरोबर गुंडाळायला पिशवी किंवा वेष्टन पुरवणे हे त्याच नियमांनी उत्पादकांकडेही सोपवले होते. आम्ही तीन महिन्यांत जेवढी पुडकी आणली, त्यांतल्या एकातही मला अशी पिशवी आढळली नाही. आमचे ६९० डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून गेले, आणि ठाण्यातल्या दिवा येथील कचराभूमीवरून उठलेला वाद इतकी वर्षे वाचल्यानंतर ते कुठे जाऊन पडले असतील, याचा विचार आल्याखेरीज राहत नाही.

आता ज्या दोन गोष्टींसाठी मुद्दाम लिहायला बसलो, त्या मांडतो. आमच्या सोसायटीने इमारतीचे दर्शनी रूप बिघडते म्हणून बाल्कनीच्या कठड्याबाहेर कपडे वाळत घालण्यास मनाई केली आहे. आतल्या बाजूच्या दांडीवर दिवसातून जेमतेम तासभर ऊन येते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की कापडी डायपरचा पर्यावरणाला होणारा लाभ ते कसे धुतले-वाळवले जातात यावर अवलंबून असतो. सगळे यंत्रात उष्णतेने वाळवले तर लाभ उरत नाही, दोरीवर वाळवून दुसऱ्या मुलालाही वापरले तर मोठा होतो. आपल्याकडे वर्षातले आठ महिने ऊन फुकट मिळते आणि आपण ते कठड्याबाहेर ठेवतो. आमच्या गच्चीवर दोऱ्या बांधायला भरपूर जागा आहे, पण तिला कुलूप असते.

दुसरी गोष्ट पाळणाघरांची. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. ती रजा संपून सून कामावर रुजू झाली तेव्हा आम्ही जवळची तीन पाळणाघरे पाहिली आणि तिन्ही ठिकाणी फेकायचेच डायपर द्यावे लागतील, असे सांगण्यात आले. त्यांची अडचण मी समजू शकतो, कारण दहा मुलांचे लंगोट सांभाळणे सोपे नाही. पण वापरलेला डायपर झाकणाच्या डब्यात किंवा चेनच्या पिशवीत टाकून संध्याकाळी जसाच्या तसा परत दिला तरी पुरेसे आहे, धुण्याची अपेक्षा कुणाचीच नाही. एका ठिकाणी हे सुचवून पाहिले, तर 'आजोबा, कोण करत बसणार?' असे उत्तर मिळाले. नातू सध्या दिवसभर आमच्याकडेच असतो, म्हणून आमचे निभावते. ज्या घरात आजी-आजोबा नाहीत, तिथे पाळणाघराच्या वेळेतले चार-पाच नग रोज विकतच घ्यावे लागतात आणि वर काढलेली बचत उरत नाही.

गच्चीबाबत मी सोसायटीच्या कार्यकारिणीला लेखी विनंती केली आहे. किल्ली पहारेकऱ्याकडे असते आणि गच्ची पाण्याच्या टाकीच्या तपासणीसाठी सकाळी दहाला अर्धा तास उघडते. ती सातला उघडून दुपारी तीनपर्यंत खुली ठेवावी आणि पूर्वेकडच्या बाजूला दोन दोऱ्या बांधू द्याव्यात, एवढेच मागणे आहे. दोरीचा खर्च मी देणार आहे. इमारतीत सध्या पाच तान्ही बाळे आहेत आणि त्यांपैकी दोघांच्या घरून या अर्जावर सह्या मिळाल्या आहेत.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त लेखापाल,
मानपाडा, ठाणे (पश्चिम)